अड्ड्याला टाळे लावा, घरावर बुलडोझर नको

वस्तीत पुडी विकणारे घर कोणते, हे वस्तीतल्या प्रत्येकाला माहीत असते. रात्री अकरानंतर कोणत्या बोळात अनोळखी मोटारसायकली उभ्या राहतात, कोणाच्या दारात पंधरा-सोळा वर्षांची पोरे घुटमळतात, कोणत्या नळावर बायकांनी संध्याकाळनंतर पाणी भरायला जाणे बंद केले, हे सांगायला कुणा खबऱ्याची गरज नसते. पोलीस चौकीलाही ते माहीत असते. तरीही ते घर वर्षानुवर्षे चालू राहते. म्हणूनच आमच्या तरुणांच्या बैठकांत हल्ली एक मागणी जोर धरते आहे. ‘ते घर पाडून टाका. बुलडोझर आणा.’

या मागणीमागचा संताप आम्हाला समजतो. ज्या आईचा मुलगा एमडीच्या नादाने दोन वर्षांत वाळून काडी झाला, तिला कायद्याची कलमे समजावत बसण्यात अर्थ नाही. पण चळवळीचे काम संतापाला दिशा देण्याचे असते. ‘घर पाडा’ ही मागणी आंबेडकरी तरुणांनी करणे म्हणजे उद्या आपल्याच दारात येणाऱ्या यंत्राला आज डिझेल पुरवणे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण ‘बुलडोझर नको’ एवढेच म्हणून गप्प बसणाराही वस्तीचा मित्र नव्हे. मग अड्डा बंद कसा करायचा? या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल, आणि ते देण्यासाठीच हा लेख आहे.

आजची हत्यारे का चालत नाहीत?

आज पोलिसांच्या हातात काय आहे ते आधी पाहू. पहिले हत्यार अटक. १९८५ चा एनडीपीएस कायदा कडक आहे, पण त्याची सगळी कडकपणाची रचना मालाच्या वजनावर उभी आहे. एमडीसाठी २ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण आणि ५० ग्रॅमपासून व्यापारी प्रमाण. जामिनाची कडक अट लागते ती व्यापारी प्रमाणाला. वस्तीतला विक्रेता हे गणित वकिलापेक्षा चांगले जाणतो. तो अंगावर चार पुड्यांपेक्षा जास्त ठेवतच नाही. पकडला गेला तर काही दिवसांत सुटून येतो, आणि तो आत असताना त्याचा भाऊ किंवा मेहुणा तोच धंदा त्याच दारातून चालवतो.

दुसरे हत्यार तडीपारी. महाराष्ट्र पोलीस कायद्याने माणसाला जिल्ह्याबाहेर काढता येते. तिसरे एमपीडीए, म्हणजे १९८१ चा झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार यांच्याविरुद्धचा कायदा. त्यात खटला न चालवता माणसाला वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येते. आता २०२५ मध्ये विधिमंडळाने मोक्का कायद्यात दुरुस्ती करून अमली पदार्थांचे गुन्हेही त्याच्या कक्षेत आणले आहेत.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. ही सारी हत्यारे माणसावर चालतात, जागेवर चालत नाहीत. माणूस उचलला जातो, जागा तशीच राहते. आणि वस्तीतल्या धंद्यात माणसापेक्षा जागा महत्त्वाची असते. गिऱ्हाईक माणसाला ओळखत नाही, ते दार ओळखते. विक्रेता बदलला तरी दार तेच राहिले की धंदा दुसऱ्या दिवशी सुरू होतो.

संपत्ती गोठवण्याची तरतूद एनडीपीएसमध्ये आहे, हे खरे. पण ती नशेच्या पैशातून कमावलेल्या मालमत्तेसाठी आहे. वस्तीतला अड्डा बहुतेक वेळा भाड्याच्या खोलीत असतो नाहीतर बापजाद्यांच्या पत्र्याच्या घरात. ते घर नशेच्या पैशातून घेतलेलेच नसते, मग गोठवणार काय? म्हणजे एका बाजूला माणसाला वर्षभर डांबण्याची सोय आहे, दुसऱ्या बाजूला बेकायदा चालणारा बुलडोझर आहे, आणि या दोहोंच्या मध्ये, म्हणजे जागा काही काळ बंद करण्याची साधी, न्यायालयीन सोय, अमली पदार्थांच्या बाबतीत नाही.

इंग्लंडने काय केले?

ही पोकळी इंग्लंडलाही भेडसावत होती. तिथल्या महापालिकांच्या घरकुलांत, म्हणजे गरिबांच्याच वसाहतीत, क्रॅक आणि हेरॉइन विकणाऱ्या सदनिकांनी शेजाऱ्यांचे जगणे असह्य केले होते. म्हणून २००३ च्या समाजविघातक वर्तनविषयक कायद्यात अशी घरे बंद करण्याची तरतूद आली. पुढे २०१४ च्या कायद्याने ती अधिक व्यापक केली. तिची रचना आपण नीट समजून घेतली पाहिजे.

पोलीस निरीक्षक दर्जाचा अधिकारी किंवा स्थानिक पालिका आधी बंदीची नोटीस देते. ही नोटीस २४ तासांची असते, वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीने ४८ तासांची. या नोटिशीने बाहेरच्यांना घरात येण्यास मनाई करता येते, पण जो त्या घरात कायम राहतो त्याला किंवा मालकाला घराबाहेर काढता येत नाही. तो अधिकार फक्त न्यायालयाचा. नोटीस दिल्यापासून ४८ तासांच्या आत प्रकरण दंडाधिकाऱ्यासमोर आलेच पाहिजे. घरातल्या लोकांना बाजू मांडण्यासाठी वेळ हवा असेल तर न्यायालय १४ दिवसांपर्यंत सुनावणी पुढे ढकलू शकते. दंडाधिकाऱ्याची खात्री पटली तर तो जास्तीत जास्त तीन महिन्यांसाठी जागा बंद करण्याचा आदेश देतो. मुदत वाढवता येते, पण एकूण सहा महिन्यांच्या पुढे नाही. आदेशाविरुद्ध अपील करता येते. आदेश मोडून घरात शिरणाऱ्याला कैद होऊ शकते.

यात आमच्या दृष्टीने तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, इथे प्रश्न पुडीच्या वजनाचा नाही, शेजाऱ्यांना होणाऱ्या उपद्रवाचा आहे. घरात चार ग्रॅम सापडले की चाळीस, यावर आदेश ठरत नाही. त्या घरामुळे आसपासच्या लोकांचे काय हाल होतात यावर ठरतो. दुसरी, शेजाऱ्याला आरोपीसमोर पिंजऱ्यात उभे राहावेच लागते असे नाही. पोलीस अधिकारी नाव न सांगता शेजाऱ्यांचे म्हणणे न्यायालयापुढे ठेवू शकतो. ज्या बाईला उद्या सकाळी त्याच बोळातून कामाला जायचे आहे, तिच्यासाठी ही गोष्ट किती मोलाची आहे हे वस्तीत राहणाऱ्याला सांगायला नको.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. आदेश अंशतःही देता येतो. म्हणजे घरात राहणारे कुटुंब घरातच राहील, पण ठरवून दिलेल्या माणसांखेरीज बाहेरचा कोणीही त्या दारात पाऊल टाकणार नाही. गिऱ्हाइकाला दार बंद, लेकराबाळांना दार उघडे. आमच्या मते या सगळ्या कायद्यातला सोन्याचा कण हाच आहे.

तिथेही सगळे गोड नाही

परक्या देशातला कायदा म्हणून त्याची आरती ओवाळायचे कारण नाही. त्या कायद्याची दुसरी बाजूही तितकीच सांगायला हवी.

इंग्लंडमध्ये टोळ्यांनी एक पद्धत शोधली. मतिमंद, म्हातारे, एकटे राहणारे, व्यसनात अडकलेले अशा दुबळ्या माणसाच्या घरात घुसायचे आणि तिथूनच धंदा चालवायचा. कोकिळा जशी दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालते, तसा हा प्रकार. तिथे त्याला त्याच अर्थाचे नाव आहे. अशा घरावर संपूर्ण बंदीचा आदेश आला की टोळी दुसरे घर शोधते आणि ज्याच्या घरावर दरोडा पडला तोच रस्त्यावर येतो. त्याहून वाईट म्हणजे, पालिकेच्या भाडेकरूचे घर अशा आदेशाने ४८ तासांहून जास्त काळ बंद राहिले, की ते घर कायमचे काढून घेण्यासाठी पालिकेला आयते कारण मिळते. तीन महिन्यांची तात्पुरती शिक्षा अशी जन्मभराची होऊ शकते. दुसऱ्याचे घर असे बळकावणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरवण्याची तरतूद तिथल्या सरकारला शेवटी २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकात करावी लागली. म्हणजे घर बंद करण्याचा कायदा २००३ ला आला आणि घर बळकावणाऱ्याला हात घालायला वीस वर्षांहून जास्त काळ लागला. आधी घर कोणाचे आणि धंदा कोणाचा हे न विचारता टाळे ठोकले, तर काय होते त्याचा हा धडा आहे.

हा धडा आपल्याकडे दुप्पट लागू पडतो. आमच्या कामात आम्ही पाहतो की अड्डा चालणाऱ्या घरात बहुधा एखादी बाई असते. तिचा नवरा किंवा दीर धंदा करतो, आणि पोलीस आले की पुढे तिला केले जाते. तिची मुले त्याच घरात अभ्यास करतात. ते घर पाडले तर धंदेवाला चार दिवसांत दुसरी खोली बघतो. ती बाई मुलांना घेऊन कुठे जाणार?

आपल्या कायद्यात बीज आहे

‘हे विलायती आहे, इथे चालणार नाही’ असे म्हणणाऱ्यांसाठी दोन देशी उदाहरणे.

पहिले पिटा कायद्याचे. १९५६ च्या या कायद्याच्या १८ व्या कलमानुसार सार्वजनिक जागेपासून २०० मीटरच्या आत कुंटणखाना चालत असल्याची माहिती मिळाली, तर दंडाधिकारी मालकाला आणि भाडेकरूला नोटीस काढतो. सात दिवसांत कारण दाखवायला सांगतो. ऐकून घेतल्यावर जागा रिकामी करण्याचा आदेश देऊ शकतो, आणि त्यानंतर वर्षभर ती जागा दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय भाड्याने देता येत नाही. तिथे अल्पवयीन मूल सापडले असेल तर तीन वर्षे. म्हणजे जागा बंद करण्याची, मालकाला बांधून घालण्याची कल्पना आपल्या कायद्याला नवी नाही. वेश्याव्यवसायासाठी, म्हणजे बहुतांशी गरीब बायकांना हुसकावण्यासाठी, ती सत्तर वर्षांपूर्वी सुचली. लेकरांना एमडी विकणाऱ्या जागेसाठी मात्र अजून सुचलेली नाही.

दुसरे उदाहरण आपल्या बायकांनी लढून मिळवलेले आहे. आडवी बाटली. २००८ च्या आदेशाने वॉर्डातल्या किंवा गावातल्या २५ टक्के महिलांनी अथवा मतदारांनी मागणी केली की दारू दुकानाबाबत गुप्त मतदान घ्यावे लागते, आणि निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली की परवाना असलेले दुकानही बंद होते. विचित्र गोष्ट पाहा. सरकारी परवान्याचे, कर भरणारे दुकान आमच्या आयाबहिणी मतदानाने बंद करू शकतात. त्याच बोळातला बेकायदा अड्डा मात्र त्या बंद करू शकत नाहीत.

मग अड्ड्यासाठीही मतदान घ्यायचे का? इथे आमचे उत्तर ठामपणे ‘नाही’ असे आहे, आणि ते का हे तरुणांनी समजून घ्यावे. दारू दुकान हा धंदा आहे, ते कोणाचे घर नाही. कुणाच्या घराचा निकाल बहुमताने लावायचा ठरवला, तर त्या मतपेटीतून न्याय बाहेर पडेल याची खात्री कोण देईल? बहुमताने कुटुंब वाळीत टाकण्याचे दुःख या राज्याने इतके पाहिले की २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. ज्यांच्या आज्यापणज्यांना बहुमतानेच गावकुसाबाहेर ठेवले होते, त्यांनी बहुमताचे हे रूप विसरू नये. वस्तीला तक्रारीचा आणि साक्षीचा हक्क हवा. निकाल मात्र न्यायालयाचाच हवा.

बुलडोझर कोणाच्या दारात जातो?

२०२५ मध्ये पंजाबात नशेविरुद्धच्या सरकारी मोहिमेत आरोपींची घरे पाडली गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या नागपुरात दंगलीतल्या आरोपीचे घर पाडले गेले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कारवाई थांबवली तोवर घर जमीनदोस्त झाले होते. नंतर पालिका आयुक्तांना न्यायालयात माफी मागावी लागली. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांची आपल्याला माहिती नव्हती, असे त्यांचे म्हणणे होते. माफीने घर परत उभे राहत नाही.

ते निर्देश कोणते? १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने सांगितले की कोणी आरोपी आहे, किंवा गुन्हा सिद्ध झालेला आहे, एवढ्यावरून त्याचे घर पाडता येणार नाही. प्रशासन न्यायाधीश होऊ शकत नाही. एकाच्या गुन्ह्यासाठी घरातल्या सगळ्यांना शिक्षा देता येत नाही. पंधरा दिवसांची नोटीस, सुनावणी, लेखी कारणे, आणि नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्यावर व्यक्तिगत जबाबदारी.

पण त्याच निकालात एक ओळ अशी आहे जी वस्तीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याने लाल शाईने अधोरेखित करून ठेवावी. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा पाणवठा अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत. आता सांगा, रेल्वेच्या कडेला कोण राहते? नाल्याच्या काठावर कोणाची घरे आहेत? ज्यांच्याकडे सातबारा नाही, प्रॉपर्टी कार्ड नाही, तेच ना? म्हणजे ज्याला संरक्षणाची सगळ्यात जास्त गरज, तोच संरक्षणाच्या बाहेर. ‘नशेचा अड्डा’ हे लेबल लावून अशा घरावर यंत्र घालणे किती सोपे आहे, याचा विचार बुलडोझरची मागणी करणाऱ्या तरुणांनी करावा. एक अड्डा पाडायला आलेले यंत्र शेजारची वीस घरेही ‘अतिक्रमण’ म्हणून पाडून जाईल. मोकळ्या झालेल्या जागेवर बिल्डरचा फलक लागेल.

आणि मुळात माल बनतो कुठे? फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी शेकडो किलो एमडी पकडले, त्यातला कारखाना कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत होता. त्याआधी २०२३ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात उपचारासाठी ठेवलेल्या कैद्याचे प्रकरण उघड झाले, तेव्हा धागा नाशिकजवळच्या कारखान्यापर्यंत गेला. माल रसायनाच्या कारखान्यात तयार होतो, भांडवल दुसऱ्याचे असते, आणि ‘ड्रग्जचा अड्डा’ म्हणून बातमीत छापून येते ती आमची वस्ती. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण विमुक्त समाजाच्या कपाळावरचा शिक्का अजून पुसला गेलेला नाही. वस्तीच्या बाबतीत तेच पुन्हा होऊ द्यायचे का?

आमच्या अटी

म्हणून आम्ही म्हणतो, अड्डा बंद करण्याचा कायदा हवा. पण आमच्या अटींवर हवा.

एक. आदेश न्यायदंडाधिकाऱ्याचा असावा, कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा नको. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे काही अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडेच असतात. मागणारा पोलीस आणि देणाराही पोलीस, ही तडीपारीची रीत घराच्या बाबतीत आम्हाला मान्य नाही.

दोन. पहिला आदेश नेहमी अंशतः बंदीचा असावा. कुटुंब आत, गिऱ्हाईक बाहेर. तो मोडला गेला तरच पूर्ण बंदीचा विचार व्हावा, आणि तीही तीन महिन्यांपुरती.

तीन. पूर्ण बंदी करायची असेल तर आधी घरातल्या बायका, मुले, वृद्ध यांची पर्यायी राहण्याची सोय आदेशातच लिहिलेली असावी. सोय नाही तर आदेश नाही. जीविताच्या हक्कात उपजीविका येते आणि ऐकून घेतल्याशिवाय झोपडे हटवता येत नाही, हे १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालाने मुंबईच्या पदपथावरच्या माणसांसाठी सांगितले आहे. ते वस्तीतल्या माणसाला लागू पडत नाही का?

चार. बंदीचा उपयोग पुनर्वसनाची पात्रता, झोपडीचा फोटोपास किंवा भाडेहक्क रद्द करण्यासाठी करता येणार नाही, असे कायद्यातच स्पष्ट लिहावे. इंग्लंडची चूक आपण उचलायची नाही.

पाच. घरमालकाला धरा. एनडीपीएसच्या २५ व्या कलमात जाणूनबुजून जागा वापरू देणाऱ्याला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा आहे. दुप्पट भाडे घेऊन खोली देणारा आणि ‘मला काय माहीत’ म्हणणारा शेठ या कलमाखाली किती वेळा उभा राहतो? जो नियम पत्र्याच्या खोलीला, तोच नियम औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्याला, फार्महाऊसला आणि पबला लागू व्हावा.

सहा. आदेशाला सामोरे जाणाऱ्या कुटुंबाला पहिल्या तारखेपासून सरकारी वकील मिळावा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि बालकाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहेच. तो कागदावरून दंडाधिकाऱ्याच्या दारापर्यंत आणा.

सात. टाळ्यासोबत उपचार. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूच्या विळख्यात अडकलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच कुठलातरी उपचार मिळतो. दार बंद झाले तरी शरीराची मागणी बंद होत नाही. वस्तीजवळ उपचार केंद्र नसेल तर गिऱ्हाईक पुढचा बोळ शोधेल आणि अड्डा तिथे उभा राहील.

दोन आक्षेप

काही कार्यकर्ते म्हणतील, ‘तुम्ही धंदेवाल्यांना सांभाळून घेता.’ नाही. आम्ही त्याच्या धंद्याचे दार बंद करायला निघालो आहोत. आम्ही सांभाळतो आहोत ते त्याच्या बायकोला, त्याच्या मुलांना आणि शेजारच्या घरांना. गुन्हेगाराला शिक्षा देण्यासाठी तुरुंग आहे. घर हे शिक्षेचे साधन नव्हे.

दुसरे म्हणतील, ‘पोलिसांना आणखी एक अधिकार कशाला देता? ते हप्ता वाढवतील.’ हा आक्षेप खरा आहे, त्याला टोलवून चालणार नाही. पण आज अधिकार कमी आहेत म्हणून हप्ता थांबला आहे का? हप्ता अंधारात चालतो. वस्तीने लेखी तक्रार दिली, तिची पोच घेतली, आणि ठरावीक दिवसांत पोलिसांनी न्यायालयात अर्ज केला नाही तर कारण लेखी द्यावे लागेल, अशी अट कायद्यात असेल तर तो अंधार थोडा कमी होईल. तसा अर्ज महापालिकेलाही आणि वस्तीतल्या नागरिकांनाही थेट करता आला पाहिजे. पोलिसांच्या मर्जीवर सगळे सोडायचे नाही.

तथागतांनी काय सांगितले?

आपण पंचशीलातले पाचवे शील दररोज म्हणतो. १९५६ मध्ये नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. पण एका गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही. नशा करणाऱ्याविषयी तथागत शीलात बोलतात, स्वतःला आवरण्याची ती शिकवण आहे. नशा विकणाऱ्याविषयी ते वेगळ्या ठिकाणी बोलतात, सम्यक आजीविकेत. उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत मद्याचा आणि विषाचा व्यापार आहे. पिणारा आणि विकणारा यांना धम्माने एका मापाने मोजलेले नाही. आपल्या वस्त्यांत नेमके उलट होते. गर्दुल्ल्याला चौकात बदडतात, आणि विकणाऱ्याकडून जयंतीची वर्गणी घेतात. मिरवणुकीच्या डीजेचे पैसे कुठून आले हे विचारायची ज्या मंडळाची तयारी नाही, त्या मंडळाला अड्ड्याविरुद्ध मोर्चा काढण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. हे कटू आहे, पण आपल्या माणसांना आपणच सांगायचे असते.

आज काय करता येईल?

नवा कायदा येईल तेव्हा येईल. तोवर हात बांधून बसायचे कारण नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमाखाली सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध अर्ज करता येतो. तो करा, पण त्यात कारवाई धंद्यावर मागा, घर पाडण्याची मागणी चुकूनही लिहू नका. भाड्याच्या खोलीतून उपद्रव होत असेल तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली मालक दावा करू शकतो. त्याला लेखी कळवा, म्हणजे उद्या ‘मला माहीत नव्हते’ हे त्याला म्हणता येणार नाही. लहान मुलांच्या हातून पुड्या पोचवल्या जात असतील तर बाल न्याय कायद्याच्या ७८ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रारीत त्या कलमाचा उल्लेख आवर्जून करा. तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक यांची नोंदवही ठेवा. एकट्याने सही करू नका, चाळीस-पन्नास बायकांच्या सह्या घ्या; एकट्या माणसाला धमकावता येते, पन्नास बायकांना नाही. नाव न सांगता माहिती द्यायची तर अमली पदार्थ नियंत्रण विभागाची १९३३ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि व्यसनमुक्तीच्या मदतीसाठी १४४४६. हे दोन्ही क्रमांक बुद्धविहाराच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा. स्वतःहून उपचाराला तयार झालेल्या व्यसनी माणसाला एनडीपीएसच्या ६४-अ कलमाने खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, हे त्याच्या आईला सांगा. पोलीस पकडतील या भीतीने ती मुलाला घरात लपवून ठेवते.

आणि निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, या सात अटींसह अड्डाबंदीचे विधेयक तुम्ही मांडणार का? राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने आरोग्याला अपायकारक अमली द्रव्यांना आळा घालण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य मानले आहे. २१ व्या कलमाने माणसाच्या जगण्याला संरक्षण दिले आहे. ही दोन्ही कलमे एकाच संविधानात आहेत. एक हवे म्हणून दुसरे सोडायचे, असा सौदा बाबासाहेबांच्या लेकरांनी करू नये.

वस्ती नशामुक्त झाली पाहिजे, आणि ती झाल्यावर तिथे आपली माणसेच राहिली पाहिजेत. हे दोन्ही साधणारा कायदा मिळेपर्यंत आमची मागणी कायम आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.